चिंधीला आकडी यायची

"मांजराच्या दुखण्यावर कुणी कागद काळं करतं व्हय?" असं माझी बायको सगुणा म्हणाली. तिचं खरं आहे. पण ज्यांच्या घरी असं जनावर आहे, त्यांना सांगणारं कुणी नसतं. आम्हालाही नव्हतं. जे कळलं ते चुकत चुकत कळलं, आणि त्यातली एक चूक माझ्या जिवावर बेतली होती. म्हणून लिहून ठेवतो.

मी शिंपी. वडील भोरला शिवणकाम करीत. घाटाकडच्या गावांना जवळ शिंपी नाही म्हणून लग्नानंतर मी मशीन घेऊन हिर्डोशीला आलो. घरात मी, सगुणा आणि आमची लेक शेवंती, तेव्हा दोन वर्षांची. चिंधी आमच्याकडे आली ती अशी, की एका पावसाळ्यात कुठलीशी भाटी मांजर आमच्या कातरणाच्या ढिगात विऊन गेली. तीन पिलांतलं एक जगलं. करडं अंग, एका कानावर पांढरा ठिपका. चिंध्यांत सापडली म्हणून चिंधी. भात साठवलेल्या कणगीला उंदरांनी भोकं पाडली होती. चिंधी मोठी झाली तशी ती भोकं बंद झाली, आणि सगुणा, जी आधी तिला हाकलायची, ती तिच्यासाठी साय बाजूला काढू लागली.

पहिल्यांदा

वर्षाची झाली असेल. दुपारची वेळ. मी एका मुंडाशाचे काठ शिवत होतो. चिंधी उंबऱ्यात ऊन खात पडली होती. एकाएकी तिनं मान वाकडी केली आणि कोपऱ्याकडे टक लावली. मला वाटलं उंदीर दिसला. मग ती आडवी पडली. पाय ताठ झाले, अंग धनुष्यासारखं वाकलं आणि चारी पाय असे चालायला लागले की जणू ती पडल्या पडल्या पळते आहे. तोंडातून फेस आला, लघवी झाली. मी मशीनचं चाक हातात धरून नुसता बसून राहिलो. मला उठताच आलं नाही.

फार वेळ गेला नसेल. पण ज्यानं हे पाहिलं आहे त्यालाच कळेल की तेवढा वेळ किती मोठा असतो.

मग ती सुटली. डोळे उघडे, पण ओळख नाही. उठली, धडपडली, भिंतीला डोकं लावून उभी राहिली. घटकाभरानं माझ्याकडे पाहून बारीक ओरडली आणि पाण्याच्या वाडग्याकडे गेली. जणू काही झालंच नव्हतं.

सगुणा नदीवरून धुणं घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पाल खाल्ली असंल." मलाही तेच खरं मानायचं होतं.

कारणं

आठ-दहा दिवसांनी परत तसंच झालं. मग पंधरा दिवसांनी. त्यानंतर एका आठवड्यात दोनदा.

आम्ही कारण शोधायला लागलो. दोरा गिळला असेल म्हणून मी रिळं डब्यात बंद केली. मशीनचं तेल चाटत असेल म्हणून तेलाची कुपी उंच फळीवर ठेवली. सगुणेनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेजारचे तात्या, गावातलं वडीलधारं माणूस, आमच्या घरावर मायेनं लक्ष ठेवणारे, त्यांनी सांगितलं, "तंबाखू पोटात गेली असंल. ठिवा लांब." मी तंबाखू खायचंच सोडलं. प्रत्येक वेळी चार दिवस बरे गेले की वाटायचं, सापडलं कारण. आणि पाचव्या दिवशी चिंधी परत कोपऱ्याकडे टक लावायची.

खोटं कशाला सांगू, एकदा मनात आलं की हिला टोपलीत घालून नदीपलीकडे सोडून यावं. दुखणं डोळ्यांआड झालं की मन सुटेल. टोपली घेतलीही होती. चिंधी आपण होऊन तिच्यात जाऊन बसली आणि पाय चाटू लागली. मी टोपली ठेवून दिली.

माझी चूक

एके सकाळी आकडी आली तेव्हा ती चुलीजवळ होती. दातखीळ बसली होती. जीभ चावेल, गुदमरेल, असं वाटून मी तिच्या जबड्यात बोट घातलं. माणसाला आकडी आली की दातांत काहीतरी घालतात, हे मी ऐकलं होतं. तिचे दात माझ्या उजव्या अंगठ्याच्या खाली आरपार रुतले. ती भानावर नव्हती. तिनं मला चावलं नाही, तिचा जबडा मिटला एवढंच. पण रक्त धो धो आलं.

हे वाचणाऱ्यानं निदान एवढं तरी ध्यानात ठेवावं. आकडीत तोंडात हात घालू नये. जीभ गिळली जात नाही.

तात्या धावत आले. रक्त पाहिलं, फेस पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. "आरं, पिसाळलीया ती! ह्यो फेस बघ की. म्या काठी आणतो."

"तात्या, थांबा. ती पाणी पिते."

"आज पिती, उद्या न्हाई पियाची. आन् मग तू बी न्हाई पियाचा."

ते ऐकून सगुणेनं शेवंतीला उचललं आणि ती परसात गेली. मला त्या क्षणापर्यंत भीती वाटली नव्हती. तिला जाताना पाहिलं आणि वाटली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानं मरताना एक माणूस मी लहानपणी भोरात पाहिला होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तात्यांना मी एवढंच म्हणालो, "हिला भोरला दाखवतो. तिथं जे सांगतील ते."

भोर

हिरड्याची पोती घेऊन एक गाडी दुसऱ्या दिवशी भोरला निघाली होती. चिंधीला झाकणाच्या टोपलीत घातलं, वरून मांजरपाट बांधला आणि पोत्यांवर बसलो. हात सुजला होता. गाडीवान मला पाठ करून बसला होता, पण दर थोड्या वेळानं मागं वळून बघायचा; टोपलीकडे नाही, माझ्याकडे.

भोर म्हणजे संस्थानची राजधानी. माणसांच्या दवाखान्यात आधी जखम धुऊन औषधानं जाळून घेतली. मग गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं खांद्याला गळू झालेले बैल, एक लंगडं खेचर आणि पोट फुगलेली म्हैस. त्या सगळ्यांत मी टोपली घेऊन उभा. बैलवाले हसले. एकजण म्हणाला, "शिंप्याचं मांजर, त्येला टाका घालाया आणलंय व्हय?" मलाही हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

डॉक्टर उतारवयाचे होते, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. टोपलीचं झाकण जरासं उघडून बराच वेळ पाहत राहिले.

"पाणी पिते?"

"पिते."

"आकडी गेल्यावर तुम्हाला ओळखते?"

"घटकाभर न्हाई. मग ओळखते. मांडीवर येऊन बसते."

"कुणावर आपण होऊन धावून गेली?"

"कधीच न्हाई."

त्यांनी माझा हात पाहिला. "मग मारू नका हिला. हिला मारलंत तर तुम्हाला काय झालंय ते कधीच कळायचं नाही. पिसाळलेलं जनावर दहा दिवस काढत नाही. चावल्या दिवसापासून दहा दिवस ही खात-पीत राहिली, तर तुम्ही सुटलात. तीन दिवस माझ्या नजरेखाली राहू दे. तेवढ्यात काही वेगळं दिसलं, तर तडक पुण्याला जाऊन पोटात सुया घ्यायच्या. त्यात एक दिवसही घालवायचा नाही."

औषधाच्या बाटल्या ज्यातून येत त्या खोक्यात चिंधीची सोय झाली. भोरला आता आमचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी उत्रोलीला, सासुरवाडीला उतरलो. रोज सकाळी चालत भोरला यायचं, कंपाउंडर खोक्यातला वाडगा उचलून दाखवायचा. रिकामा वाडगा बघितला की मी एक दिवस बोटावर मोजायचो. दिवसभर मी दवाखान्याच्या पडवीत बसायचो. हाताला काम नाही ही सवयच नव्हती, म्हणून कंपाउंडरच्या सदऱ्याची बटणं डाव्या हातानं लावून दिली. आजूबाजूची गुरं रवंथ करायची. त्यांच्या धन्यांशी बोलणं व्हायचं. ज्याचा बैल मरणाच्या दारात होता तो माणूस मला विचारायचा, "आज प्याली का पाणी?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोरच तिला आकडी आली. त्यांनी हात लावला नाही. खोक्यातला वाडगा तेवढा बाजूला केला, खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं आणि पाहत राहिले. ती उठली, पाणी प्याली.

"फेफरं आहे," ते म्हणाले. "माणसाला येतं तसंच. हे पिसाळणं नव्हे, असं मला वाटतं. तरी दहा दिवस पुरे करायचे."

"कशानं होतं?"

त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. "ते मला सांगता येणार नाही. खूर दुखलं तर खूर उचलून बघता येतं. ह्या एवढ्याशा डोक्यात काय चालतं ते कसं बघू? तुमच्या हातून काही चुकलं म्हणून झालेलं नाही, एवढं मात्र नक्की."

महिनाभर मी दोरे, तेल, तंबाखू, पाल, दृष्ट ह्यांच्यामागे लागलो होतो. 'मला माहीत नाही' असं एका शिकलेल्या माणसानं सरळ सांगितलं, आणि गंमत अशी की त्यानंच मला बरं वाटलं.

उरलेले दिवस

चिंधीला घेऊन परत आलो तेव्हा तात्या दारातच उभे होते. हातात काठी. मागं चार माणसं. "परत आणलीस? सगळ्या वाडीला लेकरं हायती, लेका."

मी बोलायच्या आत सगुणा पुढं झाली. मी तिला उत्रोलीहून निरोप धाडला होता, सगळं कळवलं होतं. पदर खोचून ती उंबऱ्यावर उभी राहिली. तात्यांपुढं ती एरवी मान वर करून बोलायची नाही.

"तात्या, पाया पडते. पर काठी खाली ठिवा. ह्यी मेली तर ह्यांचं काय व्हनार ते मला कळायचं कसं? दहा दिवस ह्यी जगली तर माझा धनी जगला. तिला काय झालं तर तुमी मला जबाब द्याल का?"

तात्यांनी काठी खाली केली. म्हणाले, "डालग्याखाली ठिव. वर धोंडा ठिव जड." आणि धोंडा त्यांनी स्वतःच आणून दिला.

कोंबड्या झाकायचं डालगं पडवीत उपडं घालून चिंधीला आत ठेवलं. पाणी, दूध, भाकरीचा कुस्करा काठीनं आत सरकवायचा. ज्या मांजरीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिची चौकशी करायला सकाळी सकाळी माणसं यायची. "प्याली का?" "प्याली." मग ती शेताला जायची.

घरात मात्र सोपं नव्हतं. सगुणेनं माझा तांब्या वेगळा केला. ताट वेगळं. अंथरूण पडवीत. शेवंती माझ्याकडे हात करायची, आणि सगुणा तिला उचलून आत न्यायची. माझ्यामुळे लेकराला बाधा होईल असं मलाही वाटत होतं. पण वेगळा तांब्या मी विसरलो नाही, आणि तीही नाही. पुढं एकदा भांडणात तो तांब्या निघाला. ती रडली. म्हणाली, "लेकरू एकीकडं आन् तुमी एकीकडं. म्या काय करायचं व्हतं?"  

सहाव्या दिवशी आकडी आली. आम्ही दोघं डालग्याबाहेर उकिडवे बसून पाहत राहिलो. उठली. प्याली.

आठव्या दिवशी सकाळी ती पाण्याला शिवली नाही. दुधालाही नाही. तोंड पोटाशी घालून पडून राहिली. सूर्य माथ्यावर आला तरी वाडगा तसाच. सगुणेनं माझी पिशवी भरली: धोतर, सदरा, भाकऱ्या. तात्यांनी गाडी जुंपायला सांगितली. भोर गाठायचं आणि तिथून मोटारीनं पुणं. मी मशीनवर कापड झाकलं. आपण हे परत उघडू की नाही, असा विचार आला. शेवंतीला लांबूनच पाहून घेतलं.

तेवढ्यात सगुणा कुठूनशी नदीतले बारके मासे घेऊन आली. ते धुतलेलं पाणी तिनं वाडग्यात ओतलं आणि काठीनं आत सरकवलं. "चिंधे," ती म्हणाली. तिनं तिला नावानं हाक मारलेली मी तरी पहिल्यांदाच ऐकली. "चिंधे, पी गं बाई. येवढं पी."

चिंधीनं मान वळवली. नाक पुढं केलं. मग लपालपा आवाज यायला लागला. वाडगा निम्मा झाला. ती थांबली, मिशा चाटल्या आणि उरलेलंही प्याली.

सगुणा तिथंच जमिनीवर बसली. तात्या म्हणाले, "बैल सोडा रे." 

दहावा दिवस सरला. मी डॉक्टरांच्या शब्दावर आणखी एक दिवस घातला. मग धोंडा काढला, डालगं उचललं. चिंधी बाहेर आली, आळस दिला आणि सरळ कणगीकडे गेली. सगुणेनं शेवंतीला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. ती माझ्या हातावरचे व्रण बोटानं मोजत बसली.

त्यानंतर

ह्या गोष्टीला तीन-चार वर्षं झाली. आता तिकडे लढाई चालू आहे आणि सुतानं भाव खाल्ला आहे. चिंधी आहे. आकडीही आहे. कारण सापडलेलं नाही, आणि आम्ही शोधणं सोडलं आहे.

दहा दिवस सरल्यावर डॉक्टरांनी माणसांना देतात तीच खारट पूड तिच्या मापानं दिली होती. पहिला आठवडा ती दारू प्यायल्यासारखी चालायची, कणगीवर उडी मारताना पडायची. मी भोरला जाऊन विचारलं, त्यांनी माप निम्मं केलं. आकड्या थांबल्या नाहीत, पण विरळ झाल्या. महिना जातो, कधी दोन जातात.

आकडी आली की आता आम्ही धावत नाही. चूल आणि मशीनचं पायडल ह्यांपासून तिला लांब करायचं, तेही अंगाखाली चादर सरकवून. पाय धरायचे नाहीत, तोंडाजवळ जायचं नाही. नाकाला कांदा नाही, चप्पल नाही. थांबायचं. सुटल्यावर अंधार करून निजू द्यायचं. शेवंतीसुद्धा आता सांगते, "चिंधी येईल माघारी."

वाईट दिवस असतात. एका दिवशी तीन आकड्या आल्या तेव्हा सगुणा म्हणाली, "सुटंल तर बरं व्हईल बिचारी." माझ्याही मनात तेच होतं. दुसऱ्या दिवशी चिंधीनं दारात मेलेला उंदीर आणून ठेवला.

हौसा

गेल्या हिवाळ्यात वरच्या धनगरवाड्यावरची एक बाई खण घेऊन चोळी शिवायला आली. बरोबर तिची लेक, हौसा. अठराएक वर्षांची, लग्न झालेली, पण सासरच्यांनी माघारी धाडलेली. सगुणा हौसाचं माप घेत होती. त्या बाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच मला म्हणाली, "तुमच्या मांजरीला आकडी येती म्हनं. तिचं औशद माझ्या लेकीला चालंल का वो?"

म्हणजे ती चोळीसाठी आलीच नव्हती.

मी सांगितलं, मांजराचं माप माणसाला चालत नाही. भोरला माणसांचा दवाखाना आहे, तिथं हेच औषध नीट बघून देतात. हौसा खाली मान घालून उभी होती. तिच्या दोन्ही मनगटांवर डागल्याच्या खुणा होत्या.

आणि त्याच वेळी, मी खोटं सांगत नाही, चिंधी पडवीत आडवी झाली. पाय ताठले. हौसाची आई ओरडली आणि कांदा शोधायला वळली. पण हौसानं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे, आय. मला बघू दे."

ती पुढं गेली आणि चिंधीपासून हातभर अंतरावर बसली. फेस, थरथर, ते पडल्या पडल्या पळणं, सगळं तिनं डोळे न मिटता पाहिलं. "मला बी आसंच व्हतं?" तिनं विचारलं.

 "व्हय," आई म्हणाली.

"मला वाटायचं लई वंगाळ काय तरी असंल. तुमी समदी तोंड फिरवायचा."

चिंधी सुटली. आधी नुसती पडून राहिली. मग डोकं उचललं, धडपडत उभी राहिली, भिंतीला थोडा वेळ टेकली आणि वाडग्याकडे गेली. हौसा ती पाणी पिईपर्यंत तिथून हलली नाही.

"उठली की गं, आय," ती म्हणाली.

मग ती सगुणेकडे गेली, दोन्ही हात आडवे पसरून मापाला उभी राहिली आणि मला म्हणाली, "काखंत जरा सैल ठिवा, मामा. भोरापातूर चालायचं हाय."